जपाच्या वहीची मागची पानं

दोन परिच्छेद झाले होते. तिसऱ्यात मी ‘योजना’ हा शब्द लिहायला घेतला. य उमटलाच नाही. ओकाराचं बटण दाबलं तसा पानावरचा सगळा मजकूर निळा झाला, आणि ज दाबला त्याबरोबर तो निळा मजकूर नाहीसा झाला. पांढऱ्या पानावर ‘जना’ एवढंच उरलं. मी घाबरून फाइल बंद केली. बंद होताना कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. त्यात होतं नव्हतं तेही गेलं.

“गेलं का परत?” समोरच्या टेबलावरून रतिलालभाऊंनी विचारलं. ते आमचे हेडक्लार्क. तोंडात कायम बडीशेप, आणि मान वर न करता बोलायची सवय.

“हो भाऊ. परत लिहिते.”

“लिहा, लिहा. सकाळपासून एक पत्र चाललंय. धुळ्याहून माणूस पायी निघाला असता तर एव्हाना पारोळ्यात चहा पीत बसला असता.”

दोघं-तिघं हसले. मी नवीन पान उघडलं.

माझे यजमान हेमराज याच ऑफिसात एकोणीस वर्षं शिपाई होते. लग्नानंतर मला बी.ए. त्यांनीच करायला लावलं. ते गेले आणि अनुकंपेत माझं नाव लागलं, तेव्हा लिपिकाची जागा रिकामी होती. ज्या टेबलावर ते फाइली आणून ठेवायचे त्याच टेबलामागची खुर्ची मला मिळाली. पहिले साडेचार महिने आवक-जावकचं रजिस्टर हाताने लिहिलं. मग कॉम्प्युटर दिला. टायपिंगच्या क्लासात माझा हात चांगला चालत होता, परीक्षाही पास झाले होते. इथेच काय होत होतं कळत नव्हतं.

कॉम्प्युटर टेबलावर आला त्या दिवशी मी मनाशी संकल्प सोडला होता. साहेबांचा शेरा मिळेपर्यंत रोज हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, विळा, तराजू सगळ्यांची पूजा होते. माझं अवजार हे. त्याची रोज केली तर बिघडलं कुठे? अक्षरांवरच्या मराठी स्टिकरना डाग पडू नयेत म्हणून मी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकवायची आणि तिथेच चिमूटभर अक्षता ठेवायची. दहाच्या आत, हॉल भरायच्या आधी.

ते पत्र पुसलं गेलं त्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावलं. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, “दिपमालाताई, पुढच्या सोमवारी तुमचे सहा महिने पुरे होतात. मला अहवाल पाठवायचाय. सोमवारी अकराला माझ्यासमोर दोन पानं टाइप करा. जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर शिपायाच्या जागेवर घेऊ. नोकरी जाणार नाही, घाबरू नका.”

मी घाबरले नव्हते. शिपायाचं काम मला कमी वाटत नाही, आमचं घर त्यावरच उभं राहिलं. पण हेमराजांनी मला शिकवलं ते या खुर्चीसाठी. आणि बोट बरोबर पडत असताना ‘हात वळत नाही’ असा शेरा घेऊन उठायचं, हे मला मान्य नव्हतं. मी साहेबांना एवढंच म्हटलं, “सोमवारी दोन पानं देते.”

कुंदनभाऊ हा आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर. तिशीचा असेल, कानात एक वायर नेहमी लोंबत असते. महिन्यापूर्वी, पहिल्यांदा त्रास सुरू झाला तेव्हाच, मी त्याला बोलावलं होतं. त्याने चार ओळी टाइप करून पाहिल्या, मशीन बंद करून चालू केलं, तरी भरवसा नको म्हणून दुपारी कपाटातला नवा कोरा कीबोर्ड काढून जोडला. तो दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली ओळ लिहून सेव्ह केली आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच सुरू.

“ताई,” कुंदनभाऊ जरा अवघडून म्हणाला, “कीबोर्ड नवा, मशीन ठीक. आता राहिलं काय?”

“राहिल्या त्या ताई,” रतिलालभाऊ बडीशेप चावत म्हणाले.

मला तेव्हा दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते सांगायला आजही जड जातं. कुंदनभाऊ रोज माझ्याआधी यायचा. दोनदा मी त्याला माझ्या मशीनवर बसलेलं पाहिलं. मला बघून तो घाईने उठला. त्याचा एक मावसभाऊ या जागेसाठी खटपट करत होता, असं कुणीतरी म्हणालं होतं. मी तोंडाने काही बोलले नाही. पण त्याने दिलेला चहा दोन दिवस नको म्हटला.

मनात असं घेऊन देवापुढे बसवेना. रोज रात्री मी वहीत एक पान नामजप लिहिते, वर तारीख घालून. त्या रात्री नाम लिहिताना हात सारखा थांबायला लागला. शेवटी मी वही उलटी केली. मागची पानं कोरी होती. म्हटलं, कुणावर संशय घ्यायचा तर आधी नीट पाहावं. मागच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि त्या दिवशी मशीनने काय काय केलं ते आठवून लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून घडेल तसं लिहायला लागले. कुठलं अक्षर दाबलं, काय झालं, किती वाजता.

पहिल्यांदा ते वेड्यासारखं दिसलं. ज दाबला, छपाईची चौकट उघडली. ल दाबला, नवीन कोरं पान. द दाबला, जुन्या फाइलींची यादी समोर. ह दाबला की अक्षरांखाली रेघ, काना दिला की ओळ सरकून कागदाच्या मधोमध. अमुक अक्षर दाबलं की अमुकच होणार, त्यात चूक नाही. रोज तेच. दहा दिवसांत माझ्याकडे सोळा अक्षरांची यादी झाली. जे रोज सारखं होतं त्याला वेड म्हणता येत नाही, एवढं मला कळायला लागलं.

याच दहा दिवसांत एक बरी गोष्टही घडली. माझ्या टेबलाखाली चिमण्या यायला लागल्या. खिडकीतून आत यायच्या, फरशीवर दोन उड्या मारायच्या, जायच्या. वनाभाऊ म्हणजे आमचे शिपाई, हेमराजांचे सोबती. संध्याकाळी टेबलं पुसताना ते म्हणाले, “वहिनी, अख्ख्या हॉलमध्ये तुमच्याच टेबलाखाली येतात बघा. शुभ असतं.” मलाही तसंच वाटलं.

मग मध्ये चार दिवस मशीन अगदी गुणी बाळासारखं वागलं. एकही अक्षर चुकीचं वागलं नाही. मी चार दिवसांत नऊ पत्रं काढली. रतिलालभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे कौतुकच. पाचव्या दिवशी पहिल्या पत्राच्या दुसऱ्या ओळीला छपाईची चौकट धाडकन उघडली. त्या दिवशी शुक्रवार होता. सोमवार तीन दिवसांवर.

मी रडले नाही. संध्याकाळी हातातलं काम आवरल्यावर वही काढून कुंदनभाऊच्या टेबलाशी गेले. त्याच्या मागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे, कंट्रोलचं बटण दाबून कुठलं इंग्रजी अक्षर दाबलं की काय होतं त्याचा. तो मी रोज पाहत होते, वाचला कधी नव्हता. त्या दिवशी वाचला. कंट्रोल आणि पी, छपाई. माझ्या कीबोर्डवर पीच्या बटणावर ज चं स्टिकर आहे. कंट्रोल आणि एन, नवीन पान. एनवर ल आहे. ‘ओ’वर द. ‘ए’वर ओकार, आणि कंट्रोल-ए म्हणजे सगळा मजकूर निवडणे. म्हणून तो निळा होत होता, आणि मध्येच कंट्रोल सुटून पुढचं अक्षर पडलं की जात होता. सोळाच्या सोळा जुळली.

“कुंदनभाऊ,” मी म्हटलं, “माझं कंट्रोलचं बटण दाबलेलंच राहतंय.”

त्याने वही हातात घेतली. बराच वेळ पाहत होता. “हे तुम्ही लिहिलंत? सगळं?” मग उठून माझ्या टेबलाशी आला. पण तोवर सहा वाजले होते. वनाभाऊंनी टेबल पुसून, कीबोर्ड उलटा करून झटकून ठेवला होता. कुंदनभाऊने कंट्रोल दहा वेळा दाबलं. दहाही वेळा टपकन वर आलं.

“बटण तर चांगलंय ताई,” तो म्हणाला. “तुम्ही सेव्ह करताना करंगळीने दाबता ना, ती तिथेच राहत असेल.”

“नाही राहत.”

“होतं तसं. कळत नाही आपल्याला.”

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तरी मेहरूण तलावाच्या कडेने घरी जाताना मी सगळा रस्ता डाव्या करंगळीकडे पाहत गेले. शनिवारी दिवसभर घरच्या ओट्यावर, जेवणाच्या ताटावर, जिथे बसेन तिथे बोटं चालवून पाहिली. करंगळी प्रत्येक वेळी उठत होती.

रविवारी संध्याकाळी दिवा लावून वही घेतली. आधी पुढून नाम लिहिलं, मग सवयीने मागून उघडली आणि पहिल्यापासून वाचायला लागले. चांगल्या गेलेल्या चार दिवसांच्या तारखा मागे नव्हत्या, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कुठल्या तारखा होत्या त्या? मी बोटांवर मोजल्या. मग वही सुलटी करून पुढून पाहिली. पुढूनही त्याच चार तारखा नव्हत्या.

महिन्यातले ते चार दिवस मी देवाला हात लावत नाही. नामही लिहीत नाही.

पहिला विचार आला तो हाच, की मी देवाचं करते तेव्हा बिघडतं आणि करत नाही तेव्हा नीट चालतं. एवढे नेम केले, एवढे उपास केले, आणि त्याला माझं नाम नको झालंय का? मी तशीच बसून राहिले. समईची वात काजळली तरी उठले नाही.

सासूबाई आतून आल्या. भिकुबाई त्यांचं नाव, वय पंचाहत्तर. जन्म भडगावकडचा, बोलणं अजून तिकडचंच.

“काय व्हयनं? दिवाले तेल नही, आन तू बठेल शे.”

मी त्यांना वही दाखवली. वाचता येत नाही त्यांना, म्हणून सगळं सांगितलं. त्या चार दिवसांचं सांगताना आवाज आणखी खाली गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “त्या चार दिन ऑफिसमा काय नही कयं तू?”

“कामं सगळी केली आई.”

“काम नही इचारी राहिनू. काय नही कयं?”

घरी देवाला हात लावत नाही, तसा त्या दिवसांत ऑफिसात करंडाही उघडत नाही. त्या चार सकाळी मी नुसतं बसून टाइप केलं होतं. हळदकुंकू नाही. अक्षता नाहीत. आणि अक्षता मी कुठे ठेवते? डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कुठलं बटण असतं?

चिमण्या शुभ म्हणून येत नव्हत्या. वनाभाऊ कीबोर्ड झटकत होते, त्या तांदूळ टिपायला येत होत्या.

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला.

“पण आई, संकल्प आहे. शेरा मिळेपर्यंत अक्षता वाहिल्याशिवाय हात लावायचा नाही असं बोलले आहे मी. उद्याच परीक्षा. ते चार दिवस सोडले तर आजवर पाळला, आणि उद्या मोडू?”

“मोडाले कोन सांगस? दाना बाजूले ठेव ना. देवले समदं दिसस. तो काय त्या बटनमाच बठेल शे?” एवढं बोलून त्या दिव्यात तेल घालायला वळल्या.

तरी नुसत्या अंदाजावर मला साहेबांपुढे बसायचं नव्हतं. सोमवारी मी सव्वानऊलाच ऑफिसात पोचले. कुंदनभाऊ माझ्या मशीनवर बसलेला होता. मला पाहून नेहमीसारखा उठला.

“बसा,” मी म्हटलं. “काय करता रोज?”

“काही नाही ताई. तुमचं मशीन जुनं आहे, जड चालतं. त्यातल्या बिनकामाच्या फाइली सकाळी काढून टाकतो, म्हणजे दिवसभर अडकत नाही. रतिलालभाऊंना सांगू नका, नाहीतर ते म्हणतील माझंही कर.”

मी खुर्ची ओढून बसले. मग म्हटलं, “कुंदनभाऊ, मला वाटत होतं तुम्हीच काहीतरी करता.”

“चहा नको म्हणालात ना, तेव्हाच कळलं होतं मला.”

“चुकलं माझं.”

“जाऊ द्या. आता काय शोधलंय ते सांगा. तुमच्या तोंडावर दिसतंय.”

मी पर्समधून करंडा काढला. त्याला म्हटलं, आधी पाहा, मग बोला. रोजच्यासारखं हळदकुंकू लावलं, चिमूटभर अक्षता त्याच कोपऱ्यात ठेवल्या. वर्ड उघडून एक ओळ लिहिली. नीट उमटली. मग सेव्ह करायला कंट्रोल दाबलं. कड्‌ असा बारीक आवाज आला. बटण खाली गेलं आणि केसभर खालीच राहिलं. आजवर मी पडद्याकडे पाहत असायची, बटणाकडे कधी पाहिलंच नव्हतं. ज दाबला. छपाईची चौकट उघडली.

कुंदनभाऊने कानातली वायर काढली. बारीक पेचकस आणून बटण अलगद उचकटलं. खाली कुंकवाने लाल झालेले सहा-सात दाणे होते, काही अख्खे, काही चुरलेले, हळदीत चिकटलेले.

“ताई, ही तर मसालेभाताची तयारी,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून जरा सावरला. “नव्या कीबोर्डलाही म्हणूनच झालं. तो मी दुपारी लावला होता, पूजा झाल्यावर.”

“हो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचीही पूजा झाली.”

त्याने खाच कापसाने पुसून बटण बसवून दिलं. मी दाणे गोळा केले. ते फेकवेनात. खिडकीच्या कठड्यावर स्वच्छ कागद पसरला, त्यावर ते दाणे आणि नव्या अक्षता ठेवल्या, कीबोर्डला नुसते हात जोडले. संकल्प पाळला गेला. तसं मी देवाला सांगितलंही.

अकराला साहेब बाहेर आले. रतिलालभाऊ खुर्ची वळवून बसले होते. वनाभाऊ दाराशी, हातात ट्रे, पण जागचे हलत नव्हते.

“सुरू करायचं?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, आधी एक सांगायचंय. इतके दिवस जे होत होतं त्यात मशीनची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. माझी होती. मी रोज पूजेच्या अक्षता कीबोर्डवर ठेवत होते, त्या बटणाखाली जात होत्या. आता काढल्या.”

मग रतिलालभाऊ म्हणाले, “म्हणजे महिनाभर मशीन जेवत होतं, आणि मी म्हणत होतो काम का करत नाही.” सगळा हॉल हसला. मीही हसले. साहेबही हसले, पण त्यांनी विचारलं, “शोधलं कुणी?”

“ताईंनी,” कुंदनभाऊ म्हणाला. “वही बघा साहेब. सोळा अक्षरांची नोंद आहे, वेळेसकट.”

वहीच्या पुढच्या पानांवर माझं नाम होतं. मी ती उलटी करून, मागून उघडूनच त्यांच्या हातात दिली. ते दोन पानं वाचेपर्यंत मी पदर खोचून बसले.

मजकूर कालव्याच्या दुरुस्तीचा होता. पहिल्याच ओळीत ‘जलसंधारण’ आलं. ज वर बोट न्यायच्या आधी मी एकदा कंट्रोलकडे पाहून घेतलं. पडला, नुसता ज. मग ल. नवीन पान उघडलं नाही. पुढच्या ओळीत ‘योजना’ होता, तोही अख्खा उमटला. तिथून मी पडद्याकडे फारसं पाहिलं नाही, क्लासात पाहायची नाही तसंच. ओळ संपली की सेव्ह, ओळ संपली की सेव्ह. दुसरं पान संपलं तशी दोन्ही पानं छापायला दिली.

साहेबांनी कागद घेतला, लाल पेनने दोन ठिकाणी खूण केली. “दोन चुका,” ते म्हणाले. “माझ्या स्टेनोच्या यापेक्षा जास्त असतात.” मग वही परत देताना म्हणाले, “ही जपून ठेवा. शेरा लिहिताना मी हिच्याबद्दल लिहिणार आहे. खुर्ची तुमचीच.”

मी नमस्कार केला. वनाभाऊ ट्रे घेऊन लगबगीने निघून गेले. डोळे पुसायला गेले असावेत, पण मला म्हणाले ते साखर आणायला.

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. मी उपास म्हणून टेबलाशीच केळं खात बसले होते. रतिलालभाऊ डबा न उघडता थांबले होते. त्यांना वाटलं मी खिडकीकडे पाहतेय. त्यांनी हळूच आपला कीबोर्ड उचलला आणि उलटा करून टेबलावर आपटला. बडीशेप पडली. शेव पडली. एक शेंगदाणा घरंगळत माझ्या टेबलापर्यंत आला.

“कंट्रोलचं ठीक आहे माझं,” ते मान वर न करता म्हणाले. “स्पेसचं बटण जरा जड जातं चार वर्षं.”

“पेचकस कुंदनभाऊंकडे आहे भाऊ. मी काढून देऊ?”

“द्या.”

मी शेंगदाणा उचलून कठड्यावरच्या कागदावर ठेवला आणि पेचकस आणायला उठले.